पुरात घरसामान जाते, तेव्हा कोणता विमा उपयोगी पडतो?

तितूरकाठ (चाळीसगाव): २०२१ च्या ऑगस्टअखेरीस तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना पूर आला, तेव्हा आमच्या घरात कमरेएवढे पाणी शिरले होते. भिंती शाबूत राहिल्या. परंतु फ्रीज, पाण्याची मोटर, फुगून दारे न मिटणारी प्लायवूडची कपाटे, नवे वायरिंग आणि कोंब फुटलेली वर्षभराची दादर (ज्वारी) यांचा खर्च आम्हांला उसनवारी करूनच भागवावा लागला. गृहकर्ज घेताना बँकेने विमा उतरवून घेतला होता, पण तो केवळ बांधकामाचा निघाला. आता स्वतंत्र विमा घ्यावा का, आणि घ्यायचा तर किती रकमेचा? प्लॉटची किंमत त्यात धरतात का?

पांझराकर (धुळे): अवश्य घ्यावा. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशानुसार १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक असून, पूर व घरात पाणी शिरणे हे धोके तिच्या मूळ संरक्षणातच येतात. प्लॉटची किंमत धरत नाहीत, कारण पुराने जमीन जात नाही. चटई क्षेत्रफळाला (भिंतींच्या आतील वापराच्या जागेला) आजच्या बांधकाम दराने गुणायचे: ८०० चौरस फूट आणि १,८०० रुपये दर धरला, तर १४ लाख ४० हजार होतात. बांधकाम व सामान दोन्हींचा विमा घेतल्यास, बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे येथे २ लाख ८८ हजार रुपयांचे संरक्षण घरसामानाला यादी न देताही मिळते (कमाल मर्यादा १० लाख). आपले नुकसान ज्या प्रकारचे आहे, ते पाहता हाच भाग महत्त्वाचा आहे, आणि एजंट नेमका याविषयी फारसे बोलत नाहीत. रोख रक्कम मात्र यात येत नाही, दागिन्यांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते आणि विक्रीसाठी साठवलेला कापूस घरसामानात मोडत नाही.

गिरणाथडी (भडगाव): सरकारी मदत मिळते, मग हप्ता कशाला, असे आमच्याकडे अनेकजण म्हणतात. केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत सपाट भागातील पूर्ण नष्ट घराला १ लाख २० हजार रुपये आहेत, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला अवघे ६,५०० रुपये. राज्य सरकार कधीकधी वाढीव मदत जाहीर करते, ही गोष्ट वेगळी. साडेसहा हजारांत मोटरचे वाइंडिंग आणि एका खोलीचा रंगही होणार नाही. तरीही तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी, कारण विम्याच्या दाव्यातही ती कामी येते. पाणी ओसरल्यावर घाईने गाळ काढण्याआधी भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे आणि प्रत्येक वस्तूचे फोटो काढावेत, कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि नुकसान तपासणारा सर्वेअर येईपर्यंत खराब सामान भंगारवाल्याला देऊ नये. आमच्या शेजाऱ्यांनी गाद्या आणि फ्रीज आधीच टाकून दिले, त्यामुळे त्यांच्या दाव्यातून ती रक्कम वगळली गेली.

तितूरकाठ: आभारी आहे. अंगणातील मोटारसायकलचे काय? आणि धाकटा भाऊ जळगावला भाड्याच्या घरात राहतो, त्याला हे घेता येईल का?

पांझराकर: वाहन घराच्या विम्यात येत नाही, त्याचा स्वतःचा सर्वसमावेशक विमा हवा, केवळ थर्ड पार्टीवर पुराचे पैसे मिळत नाहीत. भाडेकरूला फक्त घरसामानाचा विमा घेता येतो. बांधकामाची चिंता घरमालकाने करावी.