फाम सुआन आनला पत्रकार म्हणायचं का?

जुनी_शाई
व्हिएतनाम युद्धावर वाचताना या माणसापाशी अडकलोय: अमेरिकन साप्ताहिकाचा वार्ताहर आणि त्याच वेळी कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामचा हेर. जन्म १९२७. पत्रकारिता शिकायला १९५७ साली तो कॅलिफोर्नियाला गेला, तोही कम्युनिस्ट पक्षाच्या सांगण्यावरून. परतल्यावर दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीत, सायगावात, आधी रॉयटर्स, मग ‘टाइम’ साप्ताहिक. दिवसा जिव्राल कॅफेत बसून अमेरिकन वार्ताहरांना दक्षिणेचं राजकारण उलगडून सांगायचा आणि रात्री हाती आलेल्या कागदपत्रांचे फोटो काढायचा. फिल्म खायच्या रोलमध्ये लपवून बाहेर जायची. गुप्त मजकूर तांदळाच्या खळीने लिहिलेला. कागद कोरा दिसायचा, आयोडीन लावलं की अक्षरं उमटायची.

माझ्या मते हा पत्रकार नव्हे. १९६८ साली टेट सणात कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शहरांवर मोठा हल्ला केला, त्याआधी लक्ष्यं हेरायला तो हेरगिरीतल्या आपल्या वरिष्ठाला घेऊन सायगावभर फिरला. पुढे त्याच शहरात माणसं मेली. ‘टाइम’चा माणूस म्हणून जे त्याच्याशी मोकळेपणी बोलले, त्यांचा हा सरळसरळ विश्वासघात आहे.

कोयनाकाठ
अजिबात पटलं नाही. देश त्याचा होता हो! आधी फ्रेंच, मग अमेरिकन. त्याने तटस्थ राहायचं ते कुणासाठी? आणि अमेरिकेने तरी काय केलं? गुप्तचर खात्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीच्या १९७६च्या अहवालात सुमारे ५० अमेरिकी पत्रकार आणि माध्यम-कर्मचाऱ्यांचे सीआयएशी संबंध नोंदलेत. आनने खोट्या बातम्या पेरल्या असं त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांनी सगळं उघड झाल्यावरही म्हटलं नाही.

१९७० साली ‘टाइम’चा रॉबर्ट सॅम अॅन्सन कंबोडियात कम्युनिस्टांच्या हाती सापडला. अॅन्सनच्या बायकोने आनला गळ घातली. त्याने आपल्या गुप्त वाटेने निरोप धाडला आणि अॅन्सन सुटला. ओळख उघडी पडली असती तर आनचं काय झालं असतं, याचा विचार करा.

भामरागडचा_वार्ताहर
मी गडचिरोलीत बारा वर्षं तालुका वार्ताहर होतो, म्हणून लिहितोय. गावात शिरलं की आधी कुणी बोलायचंच नाही. पाणी मिळायचं, खाट मिळायची, पण माणसं माझ्या वहीकडे बघत राहायची. एकदा एका म्हाताऱ्याने वही मागून घेतली. वाचता येत नव्हतं त्याला, तरी एकेक पान उलटून पाहिलं आणि विचारलं, “हे कोणाला देतोस?” खबरी ठरलं की तिथे जीव जातो. माझा, आणि माझ्याशी बोलणाऱ्याचाही.

कोयनाकाठ, आनची देशभक्ती मला मान्य आहे. पण असा एक जरी निघाला तरी त्या म्हाताऱ्याला मी कुठल्या तोंडाने उत्तर देऊ? सीआयएने केलं तेही तितकंच वाईट. त्यांच्यामुळे आनचं पाप फिटत नाही.

कोयनाकाठ
दादा, वहीचा प्रसंग वाचून गप्प झाले. तरी एक सांगते. एप्रिल १९७५च्या अखेरीस सायगाव पडत असताना त्याने वाचवलं कुणाला? दक्षिणेच्या गुप्तचर खात्याचा जुना प्रमुख त्रान किम तुयेन याला. म्हणजे शत्रूलाच. मित्र होता म्हणून त्याला अखेरच्या हेलिकॉप्टरांपैकी एकापर्यंत पोचवलं. नुसता हेर असता तर त्याने हे केलं नसतं.

जुनी_शाई
तो भला माणूस होता, याबद्दल वाद नाहीच. पण भला माणूस आणि भला पत्रकार यांत फरक आहे.

त्याच्या बाजूच्यांनी तरी त्याच्यावर कुठे विश्वास ठेवला? वीर म्हणून गौरवलं, पुढे जनरल केलं, पण जनरल करण्याआधी, अमेरिकनांत फार राहिला म्हणून राजकीय शिक्षणासाठी हनोईला नेऊन बसवलं. बायको आणि चार मुलं अमेरिकेला गेली होती, ती वर्षभराने परतली. तो २००६ साली वारला. त्याला शेवटपर्यंत परदेशी जाऊ दिलं नाही. जुने अमेरिकन सहकारीच सायगावला त्याच्या घरी भेटायला यायचे.

भामरागडचा_वार्ताहर
ते भेटायला येत, हे मला आजच कळलं. त्यातले काही तेव्हा त्याच्याशी मोकळेपणी बोललेले असणार. त्यांनी माफ केलं असेल तर तो त्यांचा हक्क. टेटमध्ये ज्यांची घरं गेली, त्यांच्या वतीने मला माफ करता येत नाही.