होमस्कूलिंगचं पहिलं वर्ष संपलं, पुढच्या वर्षाचं प्लॅनिंग अडलंय (लिखाण + परीक्षा)

मंडळी, मदत हवीये. मुलगा नऊ वर्षांचा, गेल्या जूनपासून घरीच शिकतोय, शाळेत असता तर आत्ता चौथी झाली असती. आम्ही माहीमला राहतो. शाळा का सोडली ते इथे नको, सासूबाईंना सांगून सांगूनच माझी जीभ झिजलीये.

तर जूनमध्ये मी काय केलं, घरातच शाळा काढली. बालभारतीची पुस्तकं, भिंतीवर टाइमटेबल, आठ ते साडेनऊ गणित, मग मराठी, मग परिसर अभ्यास. गणपती येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झालो होतो. दिवाळीच्या साफसफाईत टाइमटेबल काढलं ते परत लावलंच नाही, सेलोटेपचे डाग आहेत अजून.

पुढचं जे चांगलं झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशी एकदा म्हणाल्या, आता भांग आहे, पाण्याला ओढ नाही, डोलीत (खाडीतल्या ओढीवर लावतात त्या जाळ्यात) काय लागणार? झालं, ह्याने घरी येईपर्यंत डोकं खाल्लं की भांग म्हणजे काय. मग कॅलेंडर काढून बसलो, अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान, आणि तेव्हापासून हा रोज भरती-ओहोटीच्या वेळा वहीत लिहितो. रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते ना, तर काल ११:४५ आणि आज १२:३०, किती फरक? हीच वजाबाकी, तासातून साठ मिनिटं उसनी घ्यायची, ऑगस्टमध्ये रडून रडून केली होती. आता माझ्याआधी सांगतो. फरक कधी चाळीस मिनिटं येतो, कधी तासाच्या वर, तर आधी त्याला वाटलं आपलंच चुकतंय, मग त्यानेच शोधून काढलं की उधाणाला कमी सरकते आणि भांगाला जास्त. थंडीत मोठी ओहोटी बघून दोनदा हाजी अलीजवळच्या खडकांवर जाऊन आलो, खेकडे, शंख, ते फुलासारखे चिकटलेले प्राणी, सगळं बघितलं. राणीच्या बागेत मात्र बुधवारी जाऊन बंद गेट बघून परत आलो, तो गाढवपणा माझा.

आता अडचण. त्या वहीत चार महिन्यांचे आकडे आहेत, चित्रं आहेत, पण वाक्य एकही नाही. बोलायला लाव, अर्धा तास बोलेल, पाच ओळी लिही म्हटलं की पोटात दुखतं. ऱ्हस्व-दीर्घ सोडाच, जोडाक्षरंच गाळतो. वाचन व्यवस्थित आहे, म्हणून कळत नाही की हे मी लिहून घेतलं नाही म्हणून झालंय की दुसरं काही आहे आणि कोणाला दाखवायला हवं.

दुसरं, परीक्षा. नवरा म्हणतो येत्या वर्षी एनआयओएसची (केंद्राची मुक्त शाळा, घरी शिकून परीक्षा देता येते ती) बी लेव्हल देऊ, पाचवीच्या बरोबरीची असते, हातात एक कागद राहील. मला पटतं पण आणि नाही पण. एकतर आरटीईप्रमाणे (शिक्षण हक्क कायदा) चौदा वर्षांपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळायला हवा, दहावीही एनआयओएसमधून चौदा पूर्ण झाल्याशिवाय देता येत नाही, मग आत्ता घाई कशाला? आणि परीक्षा म्हटली की मी परत ते टाइमटेबल चिकटवणार, मी मला ओळखते. पण मग वाटतं, परीक्षा नसेल तर हा लिहिणार कधी?

तर ज्यांनी ए किंवा बी लेव्हल दिलीये त्यांनी सांगा, तयारीला रोज किती वेळ गेला आणि बाकीचं शिकणं त्यात बुडालं का? आणि लिखाणाचा कंटाळा असलेल्या मुलांना कसं लिहितं केलंत? मी असा विचार केलाय की तो बोलेल, मी उतरवून घेईन आणि त्यातल्या दोनच ओळी तो लिहील, कोणी करून बघितलंय का असं? सुलेखनाच्या वह्या सुचवू नका प्लीज, तीन कोऱ्या पडल्यात घरात.

नवऱ्याला शनिवारी प्लॅन दाखवायचाय, त्याआधी कोणी लिहिलंत तर फार बरं होईल.