महाविद्यालयातील आगामी कार्यक्रम दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सुगम कसे करावेत? (सांगली) सल्ला हवा आहे

वारणाकाठ:

नमस्कार. मी सांगलीतील एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि यंदापासून समान संधी कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पदवीच्या वर्गांबरोबर आमच्याकडे शिवणकाम, संगणक टंकलेखन, विद्युत उपकरणांची दुरुस्ती असे अल्पमुदतीचे अभ्यासक्रमही चालतात, त्यामुळे आसपासच्या गावांतून निरनिराळ्या वयाचे विद्यार्थी येतात. त्यांत दोन अंध, तीन कर्णबधिर आणि एक व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी आहे.

येत्या काही महिन्यांत चार कार्यक्रम आहेत. 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिनानिमित्त विद्यार्थ्यांची एकांकिका, 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन, 4 जानेवारीला ब्रेल दिन आणि जानेवारीच्या अखेरीस स्नेहसंमेलन. विष्णुदास भावे यांनी 1843 साली ज्या गावात ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्या गावातील महाविद्यालयाचे नाटक आमच्याच काही विद्यार्थ्यांना पाहता, ऐकता किंवा समजून घेता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्या विद्यार्थ्याला चार मुलांनी व्हीलचेअरसकट उचलून वर नेले. त्याने दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि जिना संपेपर्यंत मान वर केली नव्हती. त्यानंतर तो एकाही कार्यक्रमाला आला नाही. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, मुलं मला पाडणार नाहीत हे मला माहीत आहे. पण खाली कधी यायचं, हे मला ठरवता येत नाही.”

निधी बेताचाच आहे. व्हीलचेअरसाठी उतार, आमंत्रणपत्रिका, सांकेतिक भाषेचा दुभाषी, नाटक यांपैकी कशापासून सुरुवात करावी, याविषयी जाणकारांनी आणि विशेषतः स्वतः अनुभव घेतलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

शब्दवेध:

मॅडम, मी जन्मापासून अंध आहे, मिरजेला राहतो आणि बँकेत नोकरी करतो. माझ्या मते सुरुवात आमंत्रणपत्रिकेपासून करावी, कारण तिला खर्च जवळजवळ नाही आणि आम्ही कार्यक्रमाला येणार की नाही हे तिथेच ठरते.

बहुतेक पत्रिका व्हॉट्सॲपवर चित्राच्या रूपात येतात. फोनमधील स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली) अशा चित्रावर आला की अनेकदा ‘प्रतिमा’ एवढेच उच्चारतो. महाविद्यालयांच्या सूचनांची दुसरी अडचण त्याहून जुनी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसत असला, तरी स्क्रीन रीडरला ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग वाटते. म्हणून प्रत्येक सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना आणि फोनना समजणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतात टंकावी आणि चित्राखाली तोच मजकूर साधा लिहून पाठवावा. आपल्या संगणक टंकलेखनाच्या वर्गात हे पहिल्या आठवड्यातच शिकवता येईल. त्याच खोलीतील संगणकांवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर बसवून घ्यावा. तो मोफत आहे आणि मराठी मजकूर वाचतो.

आता नाटकाविषयी. पडदा उघडण्याआधी तीन-चार मिनिटे एखाद्या विद्यार्थ्याने रंगमंचाचे वर्णन करावे. डावीकडे काय आहे, दार कुठे आहे, पात्रे कोण आणि त्यांचे पोशाख कसे, एवढे पुरते. त्याआधी अर्धा तास अंध विद्यार्थ्यांना रंगमंचावर नेऊन नेपथ्याला हात लावून पाहू द्यावा. एकदा मला असे पाहू दिले होते. नेपथ्यातील झोपाळ्याची कडी मी हाताने चाचपली होती, त्यामुळे पुढे नाटकात ती कडी करकरली तेव्हा कोण कुठे येऊन बसले हे मला कोणी सांगावे लागले नाही. व्यासपीठावर बोलणाऱ्या प्रत्येकाने प्रथम आपले नाव सांगावे, ही सवय मात्र चारही कार्यक्रमांत लावून घ्यावी.

जोता_सातारा:

मी स्थापत्य अभियंता असून शाळा-महाविद्यालयांच्या इमारतींची कामे करतो. उताराचे गणित नीट समजून घ्या, कारण याच कामात सर्वाधिक पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत.

प्रमाण 1:12 धरावे, म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी बारा फूट लांबी. 15 सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर उंची 45 सेंटिमीटर होते आणि उताराची लांबी 5.4 मीटर येते. कृष्णेच्या पुराच्या अनुभवामुळे आपल्या इमारतीचा जोता उंच ठेवलेला असेल आणि तो 75 सेंटिमीटर भरला, तर उतार 9 मीटर लांब लागेल. जागा कमी आहे म्हणून तो चार मीटरमध्ये बसवला, तर तयार होते ती घसरगुंडी. खुर्चीवरील व्यक्तीला ती एकट्याने चढता येत नाही आणि उतरताना तर जिवाला धोका असतो. रुंदी किमान 1.2 मीटर असावी, दोन्ही बाजूंना कठडे असावेत आणि वर-खाली खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा असावी. गुळगुळीत ग्रॅनाइट बसवू नये. आपल्याकडच्या पावसात त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. दरवाजाची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर आहे का, हे टेप लावून मोजा. स्वच्छतागृहाचे दारही विसरू नका, कारण तिथे जाता येत नसेल तर विद्यार्थी दिवसभर पाणी न पिता बसतात.

पहिल्या मजल्यावरील सभागृहाचा प्रश्न उताराने सुटणार नाही. लिफ्ट होईपर्यंत चारही कार्यक्रम तळमजल्यावर किंवा मैदानात मांडव घालून घ्यावेत, असे मला ठामपणे वाटते. व्यासपीठालाही उतार करावा. बक्षीस घेण्यासाठी त्या मुलाला खाली थांबावे लागले, तर उचलून नेण्यापेक्षा ते फारसे वेगळे नाही.

तासगावची_आई:

माझी मुलगी कर्णबधिर आहे आणि महाविद्यालयात शिकते. वारणाकाठ ताई, तुमच्या तीन विद्यार्थ्यांना प्रथम विचारा की त्यांना सांकेतिक भाषा येते का. प्रत्येक कर्णबधिर मुलाला ती येतेच असे नाही. काही जण ओठांच्या हालचालींवरून समजून घेतात, तर काहींना लिहिलेलेच हवे असते. ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवून काहीही साधत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या माझ्या मुलीला तर त्याचा त्रासच होतो, आणि स्नेहसंमेलनात स्पीकरच्या भिंतीजवळ बसवले की ती यंत्र काढून ठेवते.

दुभाषी मिळाला तर त्याला व्यासपीठावर उजेडात उभे करा. आमच्या एका कार्यक्रमात सभागृहातील दिवे मालवले आणि दुभाष्याचे हातच दिसेनासे झाले. दोन तासांच्या कार्यक्रमाला शक्य तर दोन दुभाषी बोलवावेत, कारण एकट्याचे हात आणि लक्ष दोन्ही थकतात. एकांकिकेची संहिता आठवडाभर आधी या मुलांना वाचायला द्यावी. संवाद लिहून पडद्यावर दाखवता आले तर फारच उत्तम. ते काम नाटकातल्याच मुलांकडून सहज होईल.

नियमपुस्तक:

प्राचार्यांकडे निधी मागताना पुढील आधार उपयोगी पडेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. कलम 32 नुसार शासकीय आणि शासकीय अनुदानप्राप्त उच्च शिक्षण संस्थांनी लक्षणीय (म्हणजे किमान 40 टक्के) दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक आहे. राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी स्पष्ट केले आहे की सुगमतेचे नियम केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असले पाहिजेत. त्यामुळे प्रस्तावात ‘मदत’ हा शब्द न वापरता ‘हक्क’ हा शब्द वापरावा.

वारणाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज दुपारी टेप घेऊन मी आणि आमचे शिपाई दादा इमारत मोजून आलो. जोता 60 सेंटिमीटर आहे, म्हणजे उतार 7.2 मीटर लांब लागेल आणि मागच्या बाजूने तेवढी जागा मिळते. तळमजल्यावरील स्वच्छतागृहाचे दार मात्र 68 सेंटिमीटरच आहे, त्यामुळे ते काम उताराबरोबरच प्रस्तावात घातले आहे. एकांकिका तळमजल्यावरील ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात करण्यास प्राचार्यांनी संमती दिली आहे. रंगमंचाचे वर्णन करण्यासाठी दोन विद्यार्थिनी स्वतःहून पुढे आल्या.

शब्दवेध सर, एक प्रश्न राहिला. स्नेहसंमेलनानंतर लगेच परीक्षा आहेत. अंध विद्यार्थ्यांची उत्तरे लिहून घेणाऱ्या लेखनिकाबाबत काय काळजी घ्यावी?

शब्दवेध:

मॅडम, केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. विद्यापीठाचे अर्ज आधी भरावे लागतात, ते आत्ताच मागवून ठेवा. आणि लेखनिकाची व विद्यार्थ्याची परीक्षेआधी निदान दोनदा भेट घडवून आणा. माझ्या पदवीच्या शेवटच्या पेपरला आलेल्या मुलाला मी जोडाक्षरे सांगत होतो आणि तो प्रत्येक वेळी थांबून कसे लिहू म्हणून विचारत होता. त्यात माझी अर्धी वेळ गेली. राष्ट्रीय सेवा योजनेतील मुलांची यादी करून सराव आतापासूनच सुरू करता येईल.

वारणाकाठ:

यादी उद्याच करते. व्हीलचेअर वापरणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मी आज नव्या जागेविषयी सांगितले. येणार असे तो म्हणालेला नाही; दालनाला दारे किती आहेत, एवढेच त्याने विचारले. मी दोन असे सांगितले आणि दोन्ही दारांसमोरच्या खुर्च्या काढून ठेवायला दादांना सांगितले आहे.