लॅपलँडमध्ये सुट्टीचं घर: लेवीतला फ्लॅट की युल्लासचं लाकडी घर?

एस्पोकर
मंडळी, सल्ला हवाय. आम्ही दोघं एस्पोत राहतो. पासपोर्ट भारतीय, फिनलंडचा कायमचा परवाना आहे. बजेट कर-बिर सगळं धरून १,८०,००० युरो. हिवाळ्यात दोन-तीन आठवडे स्वतः वापरायचं, एरवी भाड्याने द्यायचं. दोन जागा पक्क्या केल्यात:

अ) लेवी, मध्यवस्तीतला ४५ चौ.मी.चा फ्लॅट. जाहिरातीत विक्री किंमत ९८,०००, आणि त्याच्याच खाली 'वेलातोन हिन्ता' (कर्जाचा वाटा धरून पूर्ण किंमत) १,७५,०००.

ब) युल्लास, आकास्लोम्पोलो गाव. १९९२ सालच्या जुळ्या घरातलं अर्धं, ८० चौ.मी., ओंडक्यांचं बांधकाम, १,६५,०००. कागदावर 'मॅराओसा' लिहिलंय.

पुण्याचा भाऊही थोडे पैसे घालतोय. कुठलं घ्यावं? सही करण्याआधी काय तपासावं?

हिशेबनीस
आधी हे लक्षात घ्या की या दोन पूर्णपणे वेगळ्या जातीच्या खरेद्या आहेत. लेवीत तुम्ही हाउसिंग कंपनीचे (इमारतीची मालक असलेली, आपल्याकडच्या सोसायटीसारखी कंपनी) शेअर्स घेताय, युल्लासला जमिनीतला हिस्सा. कर, परवानगी, कर्ज, सगळं इथूनच बदलतं.

लेवीचे ९८,००० बघून हुरळून जाऊ नका. फरकाचे ७७,००० म्हणजे कंपनीने काढलेल्या कर्जातला तुमच्या फ्लॅटचा वाटा, आणि तो दर महिन्याला 'पॅओमावास्तिके' म्हणून तुम्हीच फेडणार. देखभालीचा 'होइतोवास्तिके' त्याहून वेगळा. मेंटेनन्स कमी दिसत असेल तर बहुधा दोनांतला एकच आकडा तुमच्यासमोर आहे, नाहीतर कंपनी अजून फक्त व्याज भरतेय आणि मुद्दल सुरू झालं की हप्ता उडी मारेल. जुलै २०२३ मध्ये नियम आला की नव्या बांधकामात कंपनीचं कर्ज वेलातोन किमतीच्या ६० टक्क्यांपर्यंतच काढायचं आणि पहिली पाच वर्षं मुद्दल न भरण्याची सवलत द्यायची नाही. त्याआधीच्या इमारतींना हे बंधन नव्हतं, म्हणून इमारतीचं साल विचारा.

हस्तांतर कर शेअर्सवर १.५ टक्के आणि जमिनीवर ३ टक्के. शेअर्सचा कर कर्जाच्या वाट्यासकट मोजतात. म्हणजे लेवीला १,७५,००० वर २,६२५ युरो, युल्लासला ४,९५०. जुन्या लेखांत २ आणि ४ टक्के सापडतील, ते दर आता गेले.

लेवीसाठी एजंटकडून हे मागवा: हाउस मॅनेजरचं, म्हणजे कंपनीचा कारभार बघणाऱ्याचं, प्रमाणपत्र (महिन्याभरातलं, जुनं नको), कंपनीची नियमावली, शेवटचा ताळेबंद, चालू वर्षाचं बजेट आणि येत्या पाच वर्षांतल्या दुरुस्तीच्या गरजेचा अहवाल. नियमावलीत तीन गोष्टी शोधा. जमीन कंपनीच्या मालकीची की भाडेपट्ट्यावर? भाडेपट्टा असेल तर तो कधी संपतो? विकताना इतर भागधारकांना किंवा कंपनीला घर सोडवून घेण्याचा हक्क, म्हणजे 'लुनास्तुसलाउसेके', आहे का? तो असेल तर व्यवहार झाल्यावरही घर हातातून जाऊ शकतं, आणि तो निकाल लागेपर्यंत रंगरंगोटीत पैसे घालू नयेत.

लाललोखंड
युल्लासबद्दल. मॅराओसा म्हणजे अख्ख्या प्लॉटमधला अविभाजित हिस्सा. उजवीकडचं अर्धं घर तुमचं, हे त्या शब्दातून ठरत नाही. ते ठरतं 'हाल्लिनानयाकोसोपिमुस' या करारातून: कोणता भाग, कोणतं अंगण, कोणतं पार्किंग कोणाच्या ताब्यात. हा करार झालाय एवढ्यावर थांबू नका, भूमापन खात्यात त्याची नोंद आहे का ते बघा. नोंद असेल तरच तो पुढच्या मालकावर बंधनकारक राहतो, आणि बँकही तुमच्या हिश्श्यापुरतं गहाण घ्यायला तयार होते. नोंद नसेल तर ती करून देणं विक्रेत्याचं काम, आणि तीही सहीच्या आधी. नकाशा जोडलेला हवा, नुसता मजकूर नको. सामायिक छप्पर, ड्रेनेज आणि वीज मीटर यांचा खर्च कसा वाटायचा हे करारात नसलं की पुढे भांडण ठरलेलं.

दुसरं, परवानगी. १ जानेवारी २०२० पासून युरोपीय संघ आणि आर्थिक क्षेत्राबाहेरच्या नागरिकांना फिनलंडमध्ये जमीन-मालमत्ता घ्यायला संरक्षण मंत्रालयाची परवानगी लागते. नियम नागरिकत्व बघतो, त्यामुळे कायमचा परवाना असूनही तुम्हाला ती लागेल. मॅराओसालाही लागते. हाउसिंग कंपनीच्या शेअर्सना नाही. अर्ज व्यवहाराआधी करता येतो, किंवा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत. माझं स्पष्ट मत: आधीच करा. नंतर नकार आला तर घर विकून मोकळं व्हावं लागतं, आणि हस्तांतराचा खर्च अंगावर पडतो.

खरेदीखतावर सही अधिकृत साक्षीदारासमोर ('काउपानवाहविस्ताया') किंवा भूमापन खात्याच्या ऑनलाइन सेवेतून. त्यानंतर सहा महिन्यांत मालकीची नोंद, लाइनहूतो, करून घ्यायची. उशीर झाला की दर सहा महिन्यांमागे हस्तांतर कर २० टक्क्यांनी वाढतो.

बर्फवाट
जागेबद्दल थोडक्यात. लेवी कित्तिला विमानतळापासून सुमारे १५ कि.मी., गाडीशिवाय चालतं, आणि ख्रिसमसला परदेशी पाहुणे तिथे जास्त. युल्लास डोंगरउतारांत फिनलंडमध्ये सगळ्यात मोठं, उताराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत तब्बल ४६३ मीटर उंची, पण तिथली खरी गिऱ्हाइकं लांब पल्ल्याचं क्रॉसकंट्री स्कीइंग करणारी. ती जोडपी असतात, आठवडाभर राहतात, मार्च-एप्रिलमध्ये येतात. हेलसिंकीहून कोलारीपर्यंत रात्रीची रेल्वे आहे, तीत गाडीही चढवता येते.

भाड्याचा हिशेब बावन्न आठवड्यांचा करू नका. कमाईचे दिवस म्हणजे ख्रिसमस-नववर्ष, शाळांच्या सुट्टीचे वर्षातले ८, ९ आणि १० हे आठवडे (फेब्रुवारीअखेर ते मार्चची सुरुवात), ईस्टर, आणि सप्टेंबरमधला पानगळीचा रंग. मे-जूनमध्ये घर रिकामंच असतं. आणि तुम्हालाही नेमका शाळेच्या सुट्टीचाच आठवडा हवा असणार! तो उत्पन्नातून वजा करून मगच आकडे मांडा.

लाललोखंड
आता १९९२ च्या घराची तपासणी. विक्रेत्याने आणलेला अहवाल वाचा, पण निरीक्षक स्वतःचा लावा.

सगळ्यात आधी न्हाणीघर आणि सॉना. फरशीखाली प्रमाणित जलरोधक थर असण्याची सक्ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली, त्यामुळे मूळचं न्हाणीघर तसंच असेल तर फरशांखाली थर नसण्याची शक्यता मोठी. नूतनीकरण कोणत्या साली झालं, त्याचे फोटो आणि बिल आहे का, विचारा. निरीक्षकाने ओलावा नुसता यंत्र फिरवून मोजू नये. शंका आली की विक्रेत्याची परवानगी घेऊन भिंतीला भोक पाडून आतून मोजावा. सॉनाच्या भिंतीला लागून असलेल्या बेडरूमच्या कोपऱ्यात वाकून जमिनीजवळचा वास घ्या. कुबट मातीचा वास हा घराच्या जमिनीखालच्या पोकळीचा निरोप. मग निरीक्षकाला त्या पोकळीत उतरवा: बांधकामातले लाकडाचे तुकडे तिथेच पडलेत का, हवेच्या जाळ्या बर्फाने किंवा मातीने बुजल्यात का.

हीटिंग बहुतेक थेट विजेवरचं असणार. विक्रेत्याकडून मागच्या तीन वर्षांचे युनिट मागा, रुपये-युरोचे आकडे नकोत, किलोवॅट-तास हवेत. वीज करार बाजारभावाचा असेल तर ५ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ आठवा, करासकट दर युनिटला दोन युरोच्या वर गेला होता, आणि कडाका नेमका तेव्हाच होता. हवेतून उष्णता घेणारा पंप उणे २५ च्या खाली फारसा कामाचा राहत नाही. फिनलंडची विक्रमी थंडी, उणे ५१.५, कित्तिला तालुक्यातल्याच पोक्का गावात १९९९ साली नोंदली गेली. म्हणून उष्णता धरून ठेवणारी दगडी शेकोटी असलेलं घर मिळालं तर त्याला जास्त किंमत द्यायला हरकत नाही. घर बंद असताना १० ते १२ अंश ठेवा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि मोबाइलवर तापमान कळवणारा सेन्सर बसवा. वीज गेली आणि कोणाला कळलं नाही, की नळ फुटतो तो वसंतात बर्फ वितळल्यावर समजतो.

शेवटचं: रस्ता खाजगी असेल तर रस्ता मंडळाची वर्गणी आणि बर्फ काढणं कोणाकडे आहे ते लिहून घ्या. छपरावरचा बर्फ उतरवायला माणूस आधीच ठरवा, फेब्रुवारीत सगळेच शोधत असतात.

एस्पोकर
खूप आभार. भाड्याच्या उत्पन्नावर कर कसा लागतो? आणि भावाचे पैसे पुण्याहून आणताना काय अडतं?

हिशेबनीस
भाडं भांडवली उत्पन्नात धरतात: ३०,००० युरोपर्यंत ३० टक्के, त्यापुढे ३४. स्वतः वापरलेल्या दिवसांचा खर्च वजा होत नाही, म्हणून दिवसांची वही ठेवा. लेवीच्या बाबतीत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: पॅओमावास्तिके कंपनीच्या हिशेबात उत्पन्न म्हणून दाखवला जात असेल तर तो भाड्यातून वजा होतो, निधीत जमा होत असेल तर होत नाही. तो विकतानाच्या खरेदी किमतीत धरला जातो. हाउस मॅनेजर एका ओळीत उत्तर देतो. वर्षाची उलाढाल २०,००० च्या वर गेली तर व्हॅटही बघावा लागेल. निवासाचा दर २०२५ ला १४ झाला होता, २०२६ पासून १३.५ टक्के.

भावासाठी: एलआरएसमध्ये (भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर, स्थावर मालमत्तेचा कोड एस०००५. वर्षाला दहा लाख रुपयांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ आयकर) कापते. तो रिटर्नमध्ये मिळतो, पण तोवर पैसा अडकतो, म्हणून रक्कम ठरवताना तो धरा. लेवी घेतलंत तर कागदावर ते अनलिस्टेड कंपनीचे शेअर्स आहेत, त्यामुळे कोणता कोड आणि कोणते फॉर्म लागतील हे त्याने बँकेकडून लेखी घ्यावं. त्याचं नाव मालकीत असेल तर दरवर्षी त्याच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे घर दाखवावं लागेल.

लाललोखंड
आणि युल्लासला भावाचं नाव लावणार असाल तर संरक्षण मंत्रालयाच्या अर्जात पहिल्यापासून तिघांचीही नावं घाला.

माझा कौल युल्लासला, पण ताबा-कराराची नोंद झालेली असेल आणि न्हाणीघराचं काम २००० नंतरचं असेल तरच. यातलं एक जरी नसेल तर किंमत पाडून घ्या किंवा सोडून द्या. गाडी नसेल तर मात्र लेवीच घ्या.

एस्पोकर
गाडी आहे. उद्या एजंटला कराराची नोंद आणि न्हाणीघराची बिलं मागतो, आणि लेवीच्या हाउस मॅनेजरला पॅओमावास्तिकेचं विचारतो.

हिशेबनीस
लेवीचा कर्जफेडीचा तक्ताही मागा, दर महिन्याचा आकडा आणि शेवटचं वर्ष दोन्ही. तो इथे टाकलात तर दोन्ही घरांचा दहा वर्षांचा हिशेब शेजारी-शेजारी मांडून देतो.