फॉस्जिनला पर्याय

नेहमी म्हटलं जातं की कार्बन डायऑक्साइडचा रेणू इतका स्थिर आहे, की त्यापासून काहीही करायचं तर ओतावी लागणारी ऊर्जाच जास्त. इंधन करायचं असेल तर ते खरंच आहे. तिथे ऑक्सिजन काढून टाकावा लागतो. पण तो न काढता अख्खा रेणूच दुसऱ्या पदार्थात गुंफला तर गणित बदलतं.

असाही कासेई या जपानी कंपनीची प्लास्टिक बनवण्याची पद्धत बघा. 2002 पासून तैवानमध्ये ती मोठ्या प्रमाणावर चालते. तिच्यात वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड या रसायनाच्या तीन अणूंच्या कडीत मुळातच ताण असतो, त्यामुळे ते कार्बन डायऑक्साइडशी सहज जुळतं. त्यातून इथिलीन कार्बोनेट आणि पुढच्या टप्प्यांनंतर पॉलीकार्बोनेट, म्हणजे हेल्मेटची काच, सीडी वगैरेंचं प्लास्टिक. गंमत म्हणजे इथिलीन ऑक्साइड बनवताना जो कार्बन डायऑक्साइड वाया जातो, तोच इथे कच्चा माल.

एक टन पॉलीकार्बोनेटमागे साधारण 173 किलो वायू खपतो. हवामानाच्या हिशेबात हे थोडंच, मान्य. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच: पॉलीकार्बोनेटच्या जुन्या पद्धतीत फॉस्जिन लागतं, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला विषारी वायू. भोपाळच्या कारखान्यातून गळलेलं मिथाइल आयसोसायनेटही फॉस्जिनपासूनच बनत होतं. नव्या पद्धतीत फॉस्जिन नाही, जुन्या पद्धतीतलं मिथिलीन क्लोराइड हे घातक द्रावकही नाही. कारखान्याच्या भिंतीलगत राहणाऱ्या माणसांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. किती किलो वायू मुरवला, एवढ्यावरच या रसायनशास्त्राला मोजू नका, ही विनंती.