पाच टक्के सूट दिली की काहीही ‘सुवर्ण’ निघतं

तुमच्या पोस्टमध्ये नवी मुंबईतल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेज या वसाहतीच्या नकाशावर प्रोग्रॅम चालवून १.६१८ हे ‘सुवर्ण गुणोत्तर’ सापडलं म्हणताय, पण सूट, म्हणजे १.६१८ पासून चालवून घेतलेला फरक, किती टक्के ठेवली होतीत? वास्तुविशारद चार्ल्स कोरियांच्या आराखड्यात सात घरांमधलं अंगण साधारण ८ बाय ८ मीटर, असे तीन गट मिळून १२ बाय १२ चा चौक आणि त्यापुढचा २० बाय २० चा. १२ भागिले ८ म्हणजे सरळ दीड. २० भागिले १२ म्हणजे १.६६७, पाच टक्के सूट असली की प्रोग्रॅम यालाही ‘सुवर्ण’ ठरवून मोकळा!

घराच्या दर्शनी भागावर नुसत्या २० आडव्या रेषा धरल्या तरी त्यांच्यातली अंतरंच १९० होतात, गुणोत्तरं तर कितीतरी पट. हवं ते निघणारच. तेवढ्याच रेषा वाटेल तशा टाकून तीच मोजणी हजार वेळा चालवा. तिथेही तेवढीच ‘सुवर्ण’ गुणोत्तरं आली तर तो निव्वळ योगायोग, विषय संपला.

आणि मोजमापं ड्रोनच्या फोटोंवरून नकोत हो. ही घरं पुढे वाढवता यावीत म्हणूनच भिंतीला भिंत न लावता बांधलेली. आता बऱ्याच ठिकाणी मजले चढलेत, काही तर पाडून नवी झालीत. मूळ ड्रॉइंगच स्कॅन करा. कोड इथे टाकलात तर सूट एक टक्क्यावर आणून मीही चालवून बघते.