मदत हवी आहे: स्लो कुकरमध्ये राजमा, चणे, बरबटी (चवळी) सुरक्षितपणे कशी शिजवावी?

नमस्कार. सुकी कडधान्यं स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर तासन्तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात) शिजवण्याचा अनुभव असलेल्यांकडून नेमकी माहिती हवी आहे. राजम्याबद्दल जास्त, कारण त्याविषयी जे वाचलं त्याने काळजी वाटू लागली आहे.

आधी गरज काय ते सांगते. आम्ही नागपूरला मनीषनगरच्या बाजूला राहतो. दिवसभर घरी आई-बाबा दोघंच असतात. संधिवातामुळे आईची बोटं आखडली आहेत. प्रेशर कुकरचं झाकण फिरवून बसवताना तिच्या मनगटात कळ जाते, आणि भरलेला कुकर गॅसवरून उतरवणं तर आम्ही बंदच केलंय. पण ती स्वयंपाक सोडायला तयार नाही आणि तिने सोडावा असं मलाही वाटत नाही. पोह्यांवरची चण्याची तर्री असो की बरबटीची भाजी, घरात सगळ्यांना तिच्याच हातची लागते. मी सकाळी ऑफिसला जाण्याआधी भिजवलेलं धान्य भांड्यात टाकून बटण लावून जावं, दुपारपर्यंत ते मऊ शिजावं, आणि आईने फक्त फोडणी घालून वरून सांबार (कोथिंबीर) चिरून टाकावा, एवढाच विचार आहे.

आता शंका. राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये, त्याने विषबाधा होते, असं वाचलं. हे खरंच इतकं गंभीर आहे का, आणि मग चणे, बरबटी, वाल, वाटाणे यांचं काय? घरात दोघं सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळे 'आमच्याकडे कधी काही झालं नाही' एवढ्यावर मला भागवायचं नाही.

दुसरं म्हणजे पाणी. आमच्या सोसायटीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं येतं. त्या पाण्यात चणे कितीही शिजवले तरी मधे कचकच राहते. प्रेशर कुकरमध्ये चार शिट्ट्या वाढवता येतात. मंद आचेवर काय करायचं?

तिसरं, भाऊ अमेरिकेतून येणार आहे, तिकडचा स्लो कुकर आणू का विचारतोय. आणायला सांगू की इथलाच घेऊ?

—

प्रतिसाद:

ताई, शंका अगदी रास्त आहे. मी अन्नतंत्रज्ञान शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्या राजम्यात त्याच्या साधारण एक तृतीयांश. कच्चे चार-पाच दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि मग जुलाब सुरू होऊ शकतात. बहुतेक लोक काही तासांत सावरतात, पण सत्तरीच्या माणसाला उलट्या-जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी होणं परवडत नाही.

हे लेक्टिन खळखळ उकळीत नष्ट होतं, नुसत्या गरम पाण्यात होत नाही. उलट ८० अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षा पाचपट विषारी ठरू शकतो. स्लो कुकरची अडचण नेमकी इथे आहे. अनेक कुकरांत 'लो'वर आतलं तापमान ७५-८० अंशांपुढे जातच नाही. दाणा बोटांनी दाबला तर मऊ लागतो, दिसायला शिजलेला असतो, आणि आत लेक्टिन तसंच असतं. मऊ झाला म्हणजे शिजला, हा आपला नेहमीचा अंदाज राजम्याला लावू नका.

उपाय सोपा आहे. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने) सांगितल्याप्रमाणे राजमा किमान ५ तास भिजवायचा, ते पाणी फेकून द्यायचं, ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटं खळखळ उकळायचा. १०० अंशांवर १० मिनिटंही पुरतात, पण सगळे दाणे आतपर्यंत तापले याची खात्री व्हावी म्हणून ३० मिनिटं. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनेकशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९९ अंशांवर उकळतं, त्याने फरक पडत नाही. उकळून झालेला राजमा मग खुशाल स्लो कुकरमध्ये टाका. 'हाय'वर तीन-चार तास किंवा 'लो'वर सहा ते आठ तास.

चणे, बरबटी, मटकी, मूग, मसूर यांत हे लेक्टिन नगण्य असतं. तरी १० मिनिटं उकळून टाकलेत तर बरं, भांडंही लवकर तापतं. सुक्या वालाला मात्र राजम्यासारखंच वागवा: भिजवा, पाणी फेका, उघड्या भांड्यात चांगला उकळा.

आणि हे उकळण्याचं काम आईंवर सोडू नका. रविवारी एकदाच मोठ्या गंजात उकळून, गार करून, एकेका वेळेपुरतं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवता येतं.

—

प्रतिसाद:

पाण्याबद्दल मी सांगतो. आम्ही बेसा रोडला, आमच्याकडेही बोअर. महानगरपालिकेचं कन्हान-पेंचचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत चणे शिजायला लक्षात येण्याइतका फरक पडतो. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या सालातल्या पेक्टिनला (दाणा घट्ट बांधून ठेवणाऱ्या घटकाला) धरून ठेवतं, मग साल सुटतच नाही. भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला आरओचं पाणी वापरा. नुसतं शिजवायला वापरून अर्धाच फायदा होतो.

भिजवताना लिटरमागे एक मोठा चमचा मीठ टाका. मिठाने दाणे कडक राहतात असं आपल्याकडे मानतात, पण सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. भिजवलेलं पाणी फेकून धान्य धुतलं की भाजी खारट होत नाही. कडक राहतात ते आंबटाने. टमाटर, चिंच, आमचूर हे सगळं दाणा पूर्ण शिजल्यावरच. गूळही शेवटी. खाण्याचा सोडा अर्धा किलो चण्यांना पाव चमच्याच्या वर नको, नाहीतर साबणासारखी चव येते आणि 'ब' जीवनसत्त्वही जातं.

एवढं करूनही दाणा शिजला नाही तर धान्य जुनं आहे असं समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरच्या पावसाळी दमटपणात साठवलेला चणा, राजमा आतून असा घट्ट होतो की मग कशानेच मऊ होत नाही. मी इतवारीतून घेताना नव्या मालाचंच विचारतो आणि दोन महिन्यांपुरतंच घेतो. वर्षाचं एकदम भरायची पद्धत गव्हाला ठीक आहे, राजम्याला नाही.

एप्रिल-मे मध्ये रात्रभर ओट्यावर भिजवू नका. फेस येतो, वास येतो. फ्रीजमध्ये भिजवा.

—

प्रतिसाद:

अमेरिकेचा आणायला सांगू नका. तिकडची उपकरणं १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावलं तर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढेल आणि जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालेल, पण तो रोज आठ-आठ तास, तेही घरी दोन वयस्क माणसं असताना तापत ठेवायचा हे मला पटत नाही. भारतातही स्लो कुकर मिळतात. २०० वॅटचा आठ तास चालला तर १.६ युनिट, म्हणजे बिलाची काळजी नाही.

वीज गेली तर काय, हेही आधी ठरवा. बटणं दाबायची डिजिटल पाटी असेल तर बरेच कुकर वीज परत आल्यावर बंदच राहतात. फिरवायचा खटका असलेला आपोआप सुरू होतो, पण मधे किती वेळ बंद होता ते कळत नाही. ५ ते ६० अंशांच्या मधे अन्न दोन तासांहून जास्त राहू नये. बाबांना सांगून ठेवा, लाइट गेली की घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवायची. वेळ जास्त झाला तर गॅसवर उकळत बसू नका, फेकून द्या.

आतलं चिनीमातीचं भांडं चांगलंच जड असतं, भरल्यावर तर मलाही दोन्ही हातांनी उचलावं लागतं. आईंनी ते उचलूच नये. झाकण मात्र काचेचं आणि नुसतं वर ठेवायचं असतं, ते त्यांना जमेल. डावाने लागेल तेवढं कढईत काढायचं.

—

प्रतिसाद:

आम्ही भंडाऱ्याचे. आमच्याकडे धानाच्या बांधीत लाखोळी (लाखेची डाळ) होते. तीही अशीच उकळून घेतली तर चालेल ना?

—

अन्नतंत्रज्ञानवाल्या ताईंचा प्रतिसाद:

लाखोळीचं वेगळं आहे. तिच्यातला विषारी घटक उकळीने पूर्ण जात नाही. भिजवून आणि शिजवून पाणी फेकल्यावर तो बराच कमी होतो, पण रोजच्या रोज, महिनोन्महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पायांतली ताकद जाण्याचा धोका असतो. स्लो कुकरमध्ये तर पाणी फेकलंच जात नाही. तिच्यासाठी तो वापरू नका.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला नको म्हणून कळवलं आहे. इथलाच, खटक्याचा, छोटा घेणार. रविवारी राजमा आणि वाल मी उकळून फ्रीजरमध्ये ठेवीन, सकाळी वरून उकळतं पाणी घालून लावीन. आईला सगळं वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, राजमा आपल्याकडे तसाही महिन्यातून एकदाच होतो, तो तू घरी असशील त्या दिवशी गॅसवरच करू, रोजचे चणे-बरबटी तेवढे ह्या भांड्यात. मला तेच जास्त बरं वाटतंय.

एक शेवटचं विचारते. घेतलेला कुकर पुरेसा तापतो की नाही हे घरी तपासता येतं का? ताप मोजायचं थर्मामीटर चालेल?

—

प्रतिसाद:

तो चालणार नाही, तो ४२-४३ अंशांपर्यंतच दाखवतो. स्वयंपाकाचा डिजिटल, लांब सळईचा घ्या. भांडं निम्मं पाण्याने भरा, 'लो'वर झाकण ठेवून आठ तास चालू द्या, मग झाकण उघडल्याबरोबर लगेच मोजा. ८५ ते ९३ अंश आले तर कुकर नीट आहे. त्याहून कमी आले तर दुकानात परत करा. बिल आणि खोका तोपर्यंत टाकू नका.